बुळकांडीचा शेवट आणि पशुसाथरोगतज्ज्ञाचे काम

पशुवैद्याच्या कामाचे सर्वसामान्य माणसाच्या मनातले चित्र बहुधा एकाच जनावराभोवती उभे असते: आजारी गाय, तिला टोचले जाणारे इंजेक्शन आणि शेजारी काळजीत उभा असलेला तिचा मालक. हे चित्र खरे आहे आणि ग्रामीण महाराष्ट्रातला पशुवैद्यकीय दवाखाना आजही मुख्यतः याच कामावर चालतो. परंतु पशुवैद्यकाची एक शाखा अशी आहे की जिच्यात एकट्या गाईचा विचार पुरेसा ठरत नाही, तर गोठा, गाव, आठवडी बाजार आणि प्रसंगी सबंध देश हाच रुग्ण मानावा लागतो. रोग कोणत्या जनावरांना होतो आणि कोणत्या जनावरांना होत नाही, तो कोठे आणि केव्हा दिसतो, एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात कोणत्या वाटेने जातो आणि ती वाट नेमकी कोठे अडवता येईल, या प्रश्नांचा मोजमापाच्या आधारे शोध घेणाऱ्या या शाखेला पशुसाथरोगशास्त्र म्हणतात. लस तयार करणे हे तिचे मुख्य काम नव्हे. तयार असलेली लस कोणाला, कोठे आणि किती द्यायची, आणि ती देणे केव्हा थांबवायचे, हे ठरवणे हे तिचे काम आहे. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व बुळकांडीच्या इतिहासाने जितके स्पष्ट केले तितके दुसऱ्या कोणत्याही पशुरोगाने केलेले नाही.

बुळकांडी हा रोग माणसातल्या गोवराच्या विषाणूशी जवळचे नाते असलेल्या विषाणूमुळे होत असे. जनावराला प्रथम सडकून ताप येई, डोळ्यांतून आणि नाकातून स्राव वाहू लागे, हिरड्यांवर व जिभेच्या खालच्या बाजूस चट्टे पडून तोंड सोलवटून निघे, मग दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित हगवण लागे आणि बहुतेक जनावरे आठ-दहा दिवसांत दगावत. ज्या कळपाने हा रोग पूर्वी कधी पाहिलेला नाही त्यात शंभरातली नव्वद जनावरे मरणेही अशक्य नव्हते. १८८७ च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत शिरला तेव्हा पुढच्या दहा वर्षांत खंडातल्या मोठ्या भागातली गुरे नाहीशी झाली आणि इथिओपियात नांगराला बैल न उरल्यामुळे भीषण दुष्काळ पडला. हिंदुस्थानातल्या गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला, आणि १८८९ मध्ये पुण्यात जी शाही जीवाणूशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली तिच्यामागेही गुरांच्या साथींचीच चिंता होती. संसर्गजन्य रोगांवरचे प्रयोग दाट वस्तीपासून दूर व्हावेत म्हणून ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली; आज बरेलीजवळच्या इज्जतनगरला मुख्यालय असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था हे तिचेच वाढलेले रूप आहे. पुढे १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली गुरे अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्यामार्फत बुळकांडी बेल्जियममध्ये शिरली. या प्रसंगाने हादरलेल्या देशांनी एकत्र येऊन १९२४ मध्ये पॅरिस येथे जी आंतरराष्ट्रीय संस्था उभी केली, तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना होय.

मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२७ च्या सुमारास बुळकांडीचा विषाणू एका बोकडातून दुसऱ्या बोकडात असा पुनःपुन्हा वाढवत नेऊन गाई-बैलांसाठी सौम्य केला आणि त्यातून स्वस्त, मोठ्या प्रमाणावर करता येण्याजोगी लस मिळाली. तिच्या भरवशावर स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन योजना हाती घेतली आणि देशातल्या ऐंशी टक्के गाई-म्हशींना पाच वर्षांत लस टोचण्याचे उद्दिष्ट ठेवले. रस्ते नाहीत, वीज नाही, बर्फ मिळणे दुरापास्त, अशा काळात लसीकरण करणाऱ्यांनी केलेले हे काम विलक्षण होते आणि त्याचे फळही मिळाले, कारण साथींची संख्या झपाट्याने खाली आली. परंतु ती शून्यावर येईना. वर्षानुवर्षे कोट्यवधी लसी टोचल्या जात होत्या, कागदावरचे आकडे भरत होते आणि तरीही विशेषतः दक्षिण भारतात रोग पुनःपुन्हा डोके वर काढत होता.

असे का होते हे समजण्यासाठी या शास्त्रातली एक मूलभूत कल्पना लक्षात घ्यावी लागते. कोणालाही प्रतिकारशक्ती नसलेल्या कळपात एक बाधित जनावर सरासरी जितक्या जनावरांना रोग देते, त्या संख्येला मूळ प्रसारांक म्हणतात. हा प्रसारांक चार आहे असे धरले आणि कळपातली चारपैकी तीन जनावरे लसीमुळे सुरक्षित झाली, तर एका बाधित जनावरापासून सरासरी एकच नवे जनावर बाधित होईल. सुरक्षित जनावरांचे प्रमाण याहून थोडे जरी वाढले तरी साथ आपोआप विझत जाईल. अशा रोगासाठी पंचाहत्तर टक्के हा उंबरठा ठरतो. मात्र टोचलेल्या शंभर जनावरांपैकी पंच्याऐंशी जनावरांतच प्रतिकारशक्ती निर्माण होत असेल, तर हा उंबरठा गाठण्यासाठी सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के जनावरांना लस द्यावी लागते, आणि एवढे करूनही दरवर्षी नवी वासरे जन्माला येत असल्याने ते प्रमाण पुन्हा घसरू लागते. शिवाय राज्याची किंवा जिल्ह्याची सरासरी येथे फसवी ठरते. रस्त्यालगतच्या गावातल्या त्याच बैलांना दरवर्षी लस मिळते, डोंगरातल्या वाडीवर किंवा भटकणाऱ्या कळपांपर्यंत लस पोहोचतच नाही, आणि दोन्हींची बेरीज करून काढलेली टक्केवारी समाधानकारक दिसत असताना विषाणू त्या न पोहोचलेल्या कळपांत सुखरूप राहतो.

१९९२ मध्ये युरोपीय समुदायाच्या साहाय्याने जो नवा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्यात विचाराची दिशा बदलली. सर्वत्र सारखे टोचत राहण्याऐवजी देशाचे विभाग पाडण्यात आले, रोगाचे वास्तव्य कोठे टिकून आहे हे शोधून तेथे लसीकरण एकवटण्यात आले आणि जेथे रोग दिसेनासा झाला होता तेथे लस देणे ठरवून थांबवण्यात आले. हा निर्णय सोपा नव्हता, कारण लस थांबवल्यावर साथ पसरली तर दोष निर्णय घेणाऱ्याच्या माथी येणार हे उघड होते. परंतु लस थांबवल्याशिवाय रोग खरोखर गेला आहे की लसीच्या आड दबून राहिला आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. जनावराच्या रक्तात बुळकांडीविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, सापडली तर ती लसीमुळे आली की प्रत्यक्ष रोगामुळे, हे त्या काळच्या चाचणीला सांगता येत नसे.

या पेचातून वाट काढताना पशुपालकांचे अगदी जुने ज्ञान उपयोगी पडले. गाई-बैलांना पहिले दोन पक्के दात साधारण दोन वर्षांच्या सुमारास येतात, त्यानंतर दर सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने पुढच्या जोड्या येतात, आणि बाजारात बैल पारखणारा शेतकरी म्हणूनच आदत (एकही पक्का दात न आलेला), दोन दाती, चार दाती अशा शब्दांत त्याचे वय सांगतो. ज्या भागात तीन वर्षांपूर्वी लस थांबवली आहे तेथे आदत आणि दोन दाती जनावरे निवडून त्यांचे रक्त तपासले तर प्रश्न सुटतो, कारण लस बंद झाल्यानंतर जन्मलेल्या या जनावरांत प्रतिपिंडे सापडली तर त्या भागात विषाणू फिरतो आहे असाच त्याचा अर्थ निघतो, आणि ती कोठेच सापडली नाहीत तर रोग गेल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो. मात्र किती जनावरे तपासायची यालाही नियम असतो. मोठ्या कळपात शंभरात एक या प्रमाणात संसर्ग असेल आणि तो पंच्याण्णव टक्के खात्रीने सापडावा असे वाटत असेल, तर सुमारे ३०० जनावरे तपासावी लागतात. संसर्ग शंभरात पाच असेल तर साठच पुरतात. रोग जितका विरळ होत जातो तितका तो शोधण्याचा खर्च वाढत जातो, आणि निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात रोग जवळपास दिसत नसताना पैसे मागणारा तज्ज्ञ शासनाला पटवून देण्यात का थकतो याचे कारण यात आहे.

भारतातला बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत नोंदवला गेला. त्यानंतर गावोगाव शोध घेऊन, तोंडात व्रण आणि हगवण असलेल्या प्रत्येक जनावराची चौकशी करून आणि हजारो नमुने तपासून, देश २००४ मध्ये रोगमुक्त आणि २००६ मध्ये संसर्गमुक्त म्हणून मान्य झाला. २०११ मध्ये सबंध जगातून बुळकांडी नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवीच्या रोगानंतर माणसाने प्रयत्नपूर्वक पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग आहे. महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारात आज उभ्या असलेल्या तरुण शेतकऱ्याला बुळकांडी हा शब्द केवळ ऐकून माहीत असतो, आणि ज्यांनी ती घालवली त्यांची नावे तर त्याहूनही कमी लोकांना माहीत असतात.

बुळकांडीने घालून दिलेली विचारपद्धती इतर रोगांना लावताना प्रत्येक रोगाचा स्वभाव वेगळा असल्याची जाणीव ठेवावी लागते. लाळ्या खुरकूत या रोगात मोठी जनावरे सहसा मरत नाहीत, परंतु जीभ, हिरड्या, खुरांमधली बेचकी आणि सड यांवर फोड येतात, जनावर खाणे सोडते, लंगडते, दूध आटते आणि ऐन हंगामात बैल बसून राहतो. अशा उद्रेकाच्या गावी पोहोचलेला तज्ज्ञ जे पहिले काम करतो ते बाहेरच्या माणसाला कदाचित चमत्कारिक वाटेल: तो फोडांचे वय ठरवतो. पहिल्या एक-दोन दिवसांत फोड भरलेला असतो. तो फुटला की खाली लालभडक, कच्ची जखम दिसते आणि तिच्या कडेला सुटलेल्या त्वचेची लक्तरे लोंबत असतात. चौथ्या दिवसानंतर त्या कडांची धार बोथट होते आणि जखमेवर पिवळसर थर धरू लागतो. आठवडा उलटल्यावर व्रण भरत येतो. गावातल्या सर्व आजारी जनावरांची तोंडे उघडून त्यांतली सर्वांत जुनी जखम सापडली की रोग प्रथम कोणत्या गोठ्यात आणि साधारण कोणत्या दिवशी दिसला हे ठरते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ या रोगात दोन ते चौदा दिवसांचा असल्याने तेवढे दिवस मागे मोजून त्या अवधीत गोठ्यात काय घडले याची विचारपूस सुरू होते. बाजारातून बैल आणला होता का, पाहुण्याची गाय वस्तीला होती का, कृत्रिम रेतन करणारा किंवा दूध गोळा करणारा दुसऱ्या कोणत्या आजारी गोठ्यातून आला होता का, हे प्रश्न विचारताना पशुपालकाला आपल्यावर ठपका ठेवला जातो आहे असे वाटू न देणे हे या कामातले मोठे कौशल्य आहे. ते पुस्तकातून येत नाही.

महाराष्ट्रात जनावरांच्या हालचालींचे जाळे फार दाट आहे. दिवाळीच्या आसपास मराठवाडा आणि अहिल्यानगर भागातून ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि हजारो बैल काही महिने एकाच तळावर दाटीने राहतात. धनगरांचे मेंढ्यांचे कळप पावसाच्या मागोमाग कोकण आणि घाटावरचा देश यांच्यातल्या सीमा ओलांडत फिरतात. घोडेगाव, सांगोला यांसारखे बाजार आणि माळेगावसारख्या यात्रा दूरदूरच्या गोठ्यांना एका दिवसात एकमेकांशी जोडतात. एखादा बाजार बंद केल्याने किती गावांचा परस्परसंपर्क तुटतो, कोणता बाजार बंद केला तर सर्वाधिक फायदा होतो आणि कोणता बंद केल्याने केवळ शेतकऱ्याचे नुकसान होते, याचा हिशेब मांडता येतो. त्यासाठी जनावरांच्या कानातला बारा अंकी बिल्ला आणि त्यावर आधारलेली नोंद उपयोगी पडते, परंतु विक्रीनंतर मालकाचे नाव बदलण्याची नोंद वेळेवर झाली नाही तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

२०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने ही व्यवस्था कसोटीला लावली. आफ्रिकेत १९२९ मध्ये प्रथम वर्णन झालेला हा रोग भारतात २०१९ मध्ये ओडिशात आढळला आणि २०२२ मध्ये राजस्थान व गुजरातमध्ये त्याने थैमान घातले. त्या वर्षी देशभरात दीड लाखाहून अधिक जनावरे दगावली. महाराष्ट्रात ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातून त्या साथीची सुरुवात झाली. अंगभर गाठी आलेल्या गाईंची चित्रे सर्वत्र पसरली आणि दुधातून माणसाला रोग होतो ही अफवाही त्यांच्यामागून आली, जरी या विषाणूचा संसर्ग माणसाला होत नाही. हा विषाणू शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा नातलग असल्याने शेळ्यांच्या देवीची उपलब्ध लसच गाई-बैलांना देण्यात आली, बाजार आणि वाहतूक बंद ठेवण्यात आली आणि २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे १ कोटी ३९ लाख असलेल्या राज्यातल्या गोवंशापैकी बहुतेकांना काही महिन्यांत लस टोचण्यात आली. दगावलेल्या जनावरांसाठी राज्याने भरपाई दिली, ज्यात दुभत्या गाईसाठी ३० हजार रुपये, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार अशी रक्कम होती. ही मदत दयाबुद्धीतून दिली जाते असे समजणे चुकीचे होईल, कारण रोग कळवल्याने पशुपालकाचे नुकसानच होणार असेल तर तो रोग लपवतो आणि लपवलेली पहिली दोन जनावरे पुढच्या दोन हजारांना भोवतात. पुढच्या वर्षी काही जिल्ह्यांत लम्पी पुन्हा दिसला तेव्हा लसीकरणानंतर जन्मलेली वासरे ही कळपाची उघडी बाजू असल्याचे सर्वांच्या लक्षात आले. चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांमार्फत पसरणाऱ्या रोगाला गावाच्या वेशीवर अडवणे बुळकांडीइतके सोपे नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले.

सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, या रोगाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. गाभण गाय सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, आणि ती वार उघड्या हाताने काढणाऱ्या किंवा कच्चे दूध पिणाऱ्या माणसाला महिनोन्महिने चढउतार होणारा ताप व सांधेदुखी जडते. अनेक पाश्चात्त्य देशांनी हा रोग चाचणीत दोषी आढळलेली जनावरे मारून घालवला. जेथे गोवंशहत्येवर कायद्याने बंदी आहे आणि गाय कुटुंबातली मानली जाते अशा महाराष्ट्रात तो मार्ग उपलब्ध नाही, म्हणून चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना एकदाच लस देऊन पुढच्या पिढ्या सुरक्षित करायच्या असे धोरण आहे. लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात चाचण्यांचे निकाल वाचताना जी काळजी घ्यावी लागते ती एका साध्या हिशेबातून कळते. हजार गाईंपैकी दहा खरोखर बाधित आहेत आणि चाचणी शंभरातल्या पंच्याण्णव बाधितांना पकडते, पण शंभरातल्या पाच निरोगी गाईंनाही चुकून बाधित म्हणते असे मानले, तर साधारण साठ गाई दोषी ठरतील आणि त्यांतल्या जेमतेम दहाच खऱ्या बाधित असतील. पन्नास निरोगी गाईंच्या मालकांना हा निकाल जसाच्या तसा सांगणे म्हणजे त्यांचे उत्पन्न विनाकारण बुडवणे होय. म्हणून दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावर आधारलेल्या चाचणीने खात्री केल्याशिवाय निष्कर्ष काढला जात नाही.

जनावरांच्या रोगांचा शोध माणसांच्या जिवाशी किती जोडलेला असतो हे मलेशियात १९९८-९९ मध्ये दिसले. वराहपालन करणाऱ्या वस्त्यांत मेंदूज्वराची साथ आली तेव्हा ती प्रथम डासांमार्फत पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराची समजली गेली आणि त्यानुसार धुरळणी व लसीकरण झाले. परंतु जपानी मेंदूज्वर मुलांना अधिक होतो, तर येथे डुकरांच्या संगतीत काम करणारे प्रौढ पुरुष आजारी पडत होते. लस घेतलेलेही आजारी पडत होते, आणि ज्या गोठ्यांत ते राबत त्या गोठ्यांतली डुकरेही खोकत होती. कोण आजारी आहे आणि कोण नाही या एकाच प्रश्नाच्या उत्तरात ठरलेले निदान चुकीचे असल्याची खूण होती. १९९९ च्या मार्चमध्ये नवा विषाणू सापडला, त्याला निपा हे नाव मिळाले, आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारल्यानंतर साथ थांबली. तोवर १०५ माणसे मृत्युमुखी पडली होती. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि लगतच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप दिसला तेव्हाही हाच धडा उपयोगी पडला. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये प्रथम ओळखल्या गेलेल्या या रोगाचा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो आणि माकडे त्याने चटकन मरतात. म्हणून जंगलात मेलेले माकड सापडल्याची वेळेवर मिळालेली खबर काजूच्या हंगामात बागांत जाणाऱ्या लोकांचे प्राण वाचवू शकते. ती खबर वनखात्याकडून पशुवैद्याकडे आणि तेथून आरोग्य केंद्राकडे किती तासांत पोहोचते यावर सारे अवलंबून असते. नागपूरला माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी २०२२ मध्ये झाली ती याच गरजेतून.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्ग पशुवैद्यकाच्या पदवीतून जातो. बारावी विज्ञान शाखेनंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या महाविद्यालयांत शिकवला जातो, ज्यांत १८८६ मध्ये सुरू झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सर्वांत जुने आहे. त्यानंतर पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य व साथरोगशास्त्र या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. बहुसंख्य पदवीधर लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होतात, आणि साथरोगशास्त्राचा खरा अभ्यास पुष्कळदा तालुक्याच्या दवाखान्यातच सुरू होतो, कारण कोणत्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प येतो आणि कोणत्या शिवारात फऱ्याने वासरे मरतात, हे तेथल्या नोंदवहीइतके कोणालाच ठाऊक नसते. पुण्यात औंध येथे रोगांचे अन्वेषण करणारी प्रयोगशाळा आणि लसी तयार करणारी शासकीय संस्था आहे. बंगळूरची पशुरोग साथशास्त्र व माहितीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था हवामान, पूर्वीचे उद्रेक आणि पशुधनाची घनता यांवरून जिल्हावार रोगांचा दोन महिने आधी अंदाज वर्तवते. भोपाळच्या उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेत २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरमधून आलेल्या कोंबड्यांच्या नमुन्यांवरून देशातल्या पहिल्या बर्ड फ्ल्यूचे निदान झाले होते. लंडनचे रॉयल व्हेटरनरी कॉलेज आणि न्यूझीलंडचे मॅसी विद्यापीठ या विषयासाठी जगभर ओळखले जातात, आणि अन्न व कृषी संघटनेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांतही या शिक्षणाला मागणी असते.

या शिक्षणात संख्याशास्त्र टाळता येत नाही, ही गोष्ट जनावरांच्या ओढीने पशुवैद्यक निवडलेल्या अनेक विद्यार्थ्यांना जड जाते. नमुना कसा निवडावा, नकाशावर रोग कसा मांडावा, संगणकावर साथीचे गणिती प्रारूप कसे उभारावे, हे शिकावेच लागते. परंतु प्रारूपाच्या मर्यादा न ओळखता त्यावर विसंबणेही घातक ठरते. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या खुरकूत पसरला तेव्हा तो ओळखला जाण्याआधीच मेंढ्यांच्या बाजारांतून देशभर गेला होता. पुढे गणिती प्रारूपांच्या आधारे बाधित शेतांच्या शेजारची जनावरेही मारण्याचे धोरण अवलंबले गेले आणि साठ लाखांहून अधिक जनावरांची कत्तल झाली. त्यातल्या किती जनावरांचा बळी अटळ होता यावर तज्ज्ञांत पुढे तीव्र मतभेद झाले. गोठ्यात उभे राहून जखमेचे वय ओळखणारा आणि संगणकावर साथीची वाट मांडणारा, हे दोघे एकमेकांशी बोलत नसतील तर दोघांचेही ज्ञान अपुरे पडते. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला या विषयात प्रशिक्षित असा एक तरी पूर्णवेळ पशुवैद्य असायला हवा, ज्याच्या माथ्यावर रोजच्या उपचारांचा आणि योजनांच्या कागदपत्रांचा भार नसेल. गावातून आलेला शून्य अहवाल, म्हणजे या महिन्यात रोग आढळला नाही अशी नोंद, खरोखर शोध घेऊन दिली आहे की कोणी पाहिलेच नाही म्हणून दिली आहे, हे तपासणारा कोणी नसेल तर राज्याच्या नकाशावरचे स्वच्छ दिसणारे तालुकेच सर्वांत धोक्याचे असू शकतात.

सध्या जगाने बुळकांडीच्या विषाणूच्या नातलगाविरुद्ध मोहीम उघडली आहे. पीपीआर या नावाने ओळखला जाणारा हा शेळ्यामेंढ्यांचा रोग भारतात १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम नोंदवला गेला आणि २०३० पर्यंत तो जगातून घालवण्याचे उद्दिष्ट आहे. मुक्तेश्वरला तयार झालेली त्यावरची लस चांगली आहे आणि एका मात्रेने जनावराला दीर्घकाळ संरक्षण देते. अडचण लसीपेक्षा शेळीच्या जीवनक्रमात आहे. शेळी लवकर माजावर येते, बहुधा जुळी करडे देते, आणि बोकड वर्षभराच्या आत खाटकाकडे जातो, त्यामुळे कळपातली जनावरे इतक्या वेगाने बदलतात की वर्षाभरातच त्यातला मोठा हिस्सा लस न मिळालेल्या करडांचा झालेला असतो. बुळकांडीच्या वेळी दात पाहून जे साधले ते येथे साधण्यास शेळी फारशी जगतच नाही. शेळी ही भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबाची, त्यातही बहुतेकदा घरातल्या बाईची मिळकत असल्याने तिची नोंद गाईइतकी काटेकोर होत नाही, आणि घाट उतरून चढणाऱ्या मेंढपाळांच्या कळपांना कोणत्या तालुक्याच्या हिशेबात धरायचे हा प्रश्न प्रत्येक फेरीत नव्याने उभा राहतो. म्हणून करडे कोणत्या महिन्यांत जन्मतात आणि कळप कोणत्या आठवड्यात कोणत्या वाटेवर असतात याच्या जिल्हावार नोंदी करून त्यानुसार लसीकरणाचे वेळापत्रक आखण्याचे काम आता हाती घ्यावे लागणार आहे.